कपाळावरचा पांढरा धागा

पेंडर बेट, ३ मार्च

व्हर्नेल,

फोन करू नका, काय असेल ते पत्रानं कळवा, असं तू तुझ्या आईच्या दफनाच्या दिवशी फाटकाशी उभी राहून म्हणालीस, म्हणून लिहितो आहे. माझं अक्षर तुला लागेल की नाही देवाला ठाऊक. पाकिटावर दोन तिकिटं लावली आहेत. पोस्टातली बाई म्हणाली, एक पुरतं. पण वाटेत एक गळून पडलं तर काय करायचं?

तुझी लेक ओडेसा बरी आहे. सकाळी मक्याच्या कण्या खाते, कोळंबी असली तर दोनदा घेते. शाळेची बस सहा चाळीसला येते, मी सहालाच तिला फाटकाशी नेऊन उभी करतो. बस चुकली तर पुढचं काही माझ्या हातात नाही, गाडी मला चालवता येत नाही हे तुला माहीत आहे.

थोडी गप्प असते. त्याची काळजी करू नकोस. कारण वाईट नाही, उलट चांगलं आहे, पण आत्ता सांगत नाही. तुझी आई असती तर तिनं नीट लिहिलं असतं.

स्वयंपाकघराच्या छपराचा पत्रा वाजतो. वारा नसतानाही वाजतो असं मला वाटतं.

तुझा बाप,
लेम्युएल

•

२१ मार्च

व्हर्नेल,

मागचं पत्र पोचलं का? उत्तर नाही, म्हणून विचारतो. फिलाडेल्फियात तुझ्या बसचे तास बदलले असतील. शहरातली बस चालवायची म्हणजे डोळ्यात तेल घालावं लागत असणार.

आता सांगूनच टाकतो, नाहीतर तू मनात भलतंच आणशील. ओडेसा शोधाला बसली आहे.

हो, आपल्याकडचाच शोध, एकट्यानं झाडाखाली बसून स्वप्नात आपला शिकवणारा दिसायची वाट बघायचा. तुझ्यानंतर या बेटावर कुणी बसलं नव्हतं. मीही म्हणत होतो, तो रिवाज संपला. पण तुझ्या आईनं जायच्या आधी पोरीला सगळं सांगून ठेवलेलं दिसतं. फेब्रुवारीत एक दिवस माझ्या फेकजाळ्याच्या धाग्याचा हातभर तुकडा कमी दिसला. दुपारी ती शाळेतून आली, दप्तर ओट्यावर ठेवलं आणि प्रार्थनाघरामागच्या पाइनच्या झाडाशी जाऊन बसली. कपाळाभोवती तोच पांढरा धागा बांधलेला. मी कुंपणाशी होतो.

तेव्हापासून रोज जाते, अंधार पडायच्या आत येते. बोलत नाही, हसत नाही, खेळत नाही. नियम तुला माहीत आहे: शोधाला बसलेल्या पोराशी घरच्यांनी बडबड करायची नाही, त्याला हसवायचं नाही, काही विचारायचं नाही. म्हणून मीही बोलणं सोडलं आहे. ताट वाढतो, ताट उचलतो. माझ्यासारख्या माणसाला तोंड बंद ठेवणं किती जड जातं ते तुला माहीत आहे, पण ठेवतो आहे.

बर्निस, शेजारच्या आयझॅकची बायको, काल खेकडे द्यायला आली होती. म्हणाली, "लेम, प्रार्थनाघरात उभा राहिलास की चार तास थांबत नाहीस, आणि घरात पोरीशी चार शब्द नाहीत? माझ्या कोंबड्यासुद्धा याहून जास्त बोलतात."

मी बोटानं तिला धागा दाखवला. तिनं खेकड्यांची टोपली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "आणि हिला शिकवणारी कोण रे? तुझी हेस्टर तर गेली."

मी म्हटलं, ते स्वप्नात दिसेल. नेहमी दिसतं.

शाळेचं एक पाकीट आलं आहे. छापील अक्षर फार बारीक आहे. घड्याळामागे ठेवलं आहे, डोळे बरे असले की वाचीन.

लेम्युएल

•

९ एप्रिल

व्हर्नेल,

घड्याळामागचं पाकीट वाचलं नाही ही माझी चूक झाली. त्यांनी दुसरं पाठवलं, मग शाळेतून बाईच घरी आल्या. मिस टॅलबर्ट. तरुण आहे, आपल्यातलीच, काळी, पण कोलंबिया शहरातली. मुलांचं मन सांभाळणं हे तिचं काम. ओट्यावर बसायला सांगितलं तर आधी खुर्ची पुसायला लागली. मी म्हटलं, "बसा बिनधास्त, धूळसुद्धा प्रार्थनाघराच्या डीकनच्या घरची आहे." ती हसली. मला बरं वाटलं.

तिनं सांगितलं ते लिहितो. शाळेत दाराशी एक तक्ता आहे, त्यावर पाच तोंडं काढलेली. हसरं, रडकं, रागावलेलं अशी. मुलांनी आत येताना, आज मला कसं वाटतंय, त्या तोंडावर बोट ठेवायचं. ओडेसा बोट ठेवत नाही. बोट ठेवलं नाही की गुण जातात. फार गुण गेले की मुलाला स्वास्थ्य खोलीत बसवतात. तिथे मऊ गादी आहे, कानाला लावायचं पाण्याचा आवाज करणारं यंत्र आहे, कुणी रागावत नाही. मूल शांत होऊन बोलायला लागलं की परत वर्गात.

"आणि नाही बोललं तर?" मी विचारलं.

"मग अजून थोडा वेळ."

ओडेसा अकरा दिवस त्या खोलीत आहे, व्हर्नेल. सकाळपासून बस येईपर्यंत. मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ती गणितं करते आहे.

हजेरी घेतानाही ओ देत नाही म्हणाली. मी म्हटलं, अहो, तिला ओडेसा म्हणून कोण हाक मारतं? इथे सगळे कूटा म्हणतात, कासव. पाळण्यात होती तेव्हापासून. हे तिनं लिहून घेतलं.

मग मी तिला सगळं समजावलं. शोध काय असतो, धागा का बांधतात, पाइनखाली एकटं का बसतात, मी का बोलत नाही. माझ्या बापानं मला बाराव्या वर्षी कसं पाठवलं, मला स्वप्नात कोण दिसलं, तेही. ती मन लावून लिहीत होती. मधेच म्हणाली, "हे फार सुंदर आहे, मिस्टर गॅडसन." आजवर माझं बोलणं इतकं कुणी लिहून घेतलं नव्हतं. मी तिला भेंडीच्या लोणच्याची बरणी दिली.

जाताना विचारलं, "आता त्या खोलीत बसवणार नाही ना?"

म्हणाली, "मी माझ्या अहवालात सगळं लिहीन."

आता काळजी नाही असं वाटतं. तरी तू एक ओळ टाक.

लेम्युएल

•

२४ एप्रिल

व्हर्नेल,

काल तुझं पार्सल आलं. रबरी बूट, पिवळे. म्हणजे माझी पत्रं पोचतात. पार्सल तीनदा उलटं करून झटकलं, कागद आतल्या बाजूला चिकटला असेल म्हणून. काही नव्हतं. बूट एक नंबर लहान आहेत. पोरीला तसं बोललो नाही, ती घालून खाजणाकाठी जाऊन आली. टाचा सोलल्या आहेत. काढत नाही.

आता वाईट सांगतो. माझ्या हातानं झालं आहे, म्हणून घाबरत लिहितो.

मिस टॅलबर्टनं अहवाल लिहिला. त्याची प्रत मला आली. बर्निसनं वाचून दाखवली, दोनदा. सगळं माझंच बोलणं आहे, एक शब्द खोटा नाही. पण कागदावर ते असं उतरलं आहे: मुलीला रोज एकटीला जंगलात बसू दिलं जातं. मुलीच्या डोक्याला दोरा बांधलेला असतो. आजोबा हेतुपुरस्सर मुलीशी बोलत नाहीत. आजीच्या मृत्यूनंतर घरात मुलीशी बोलणारं प्रौढ माणूस नाही.

बर्निस म्हणाली, "लेम, हे वाचून मीच तुला तुरुंगात टाकलं असतं."

मग घाबरून म्हणाली, "गंमत केली रे."

चौदा मेला दहा वाजता जिल्ह्याच्या कचेरीत बैठक आहे. पोरीला चाळीस मैलांवरच्या केंद्रात हलवायचं असं त्यांच्या मनात आहे. सोमवार ते सोमवार तिथेच राहायचं. तिथेही अशाच खोल्या आहेत, जास्त. आईनं येऊन नाही म्हटलं तर हलवत नाहीत. आई मुलीला आपल्याकडे नेऊही शकते. आजोबाच्या म्हणण्याला वजन नाही, कागदावर मी पोरीचा कुणी नाही.

तुला यावं लागेल, व्हर्नेल. एका दिवसाचं काम आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, मी बर्निसच्या गाडीत बसून राहीन.

एक गोष्ट बर्निसकडून घरी परतताना सुचली, मिस टॅलबर्टसमोर सुचायला हवी होती. आपल्याकडे पोर एकटं बसतं ते कुणाकडे तरी परत यायला. झाडाखालून उठायचं आणि शिकवणाऱ्याच्या दारात जाऊन सांगायचं, मला हे दिसलं. ती विचारणार, अजून काय, अजून काय? महिना महिना विचारणार. दारात कुणी नसेल तर ते नुसतं बसणं झालं. शाळेच्या खोलीबाहेर कुणी नव्हतं. पण पाइनपासून घरी आल्यावर तरी कोण होतं? मी होतो, तोंड शिवून. नियम अर्धाच पाळला मी. तुझी आई सगळा पाळायची, गप्प राहायचा अर्धा मला ठेवायची, आणि मला वाटायचं तेवढाच आहे.

चौदा मे. दहा वाजता.

लेम्युएल

•

२ मे

व्हर्नेल,

आज पोर बोलली.

दुपारी पाइनकडून आली ती सरळ माझ्याकडे. मी ओट्यावर जाळं विणत होतो. समोर उभी राहिली, पिवळे बूट चिखलानं भरलेले. म्हणाली, "पापा, मला दिसलं." मला पापाच म्हणते, तू म्हणायचीस तसं.

मी जाळं बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "सांग."

"बस होती. रिकामी. दोन्हीकडे पाणी, पुलासारखं, पण पूल नव्हता. निळा गणवेश घातलेली बाई चालवत होती. मला पाठ दिसत होती फक्त. मी मागे बसले होते. ती वळली नाही, पण म्हणाली, मागे का बसलीस, पुढे ये, मला बोलायला कुणी नाही."

"मग गेलीस पुढे?"

"उठले. तेवढ्यात जाग आली." मग म्हणाली, "मम्माच होती ना, पापा? तिची मान तशीच आहे."

शिकवणारी स्वप्नात दिसते, आणि जी दिसली तिच्याकडेच जायचं असतं. बदलता येत नाही. हे मला इथल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत असायला हवं.

आता जे लिहितो ते अठ्ठावीस वर्षांत लिहिलं नाही, बोललोही नाही. तुझ्या आईनं पुष्कळ वेळा म्हटलं, लेम, तिला सांगून टाक. मी म्हणायचो, लहान पोर होतं, विसरली असेल.

मी प्रार्थनाघरात बायबल हातात धरून उभा राहायचो. सगळ्यांना वाटायचं वाचतो. मी तिसरी अर्धी शिकलो, मग बापाबरोबर कालवं काढायला. बायबल मला माझ्या बापाच्या तोंडून पाठ होतं, एवढंच. एका रविवारी सीलिया, ती मुळ्या-पाल्याची औषधं देणारी, पहिल्या बाकावरून ओरडली, "भाऊ लेम, पुस्तक उलटं धरलंस! पीटर पाण्यावर चालायचा सोडून आभाळात चालायला लागला!" सगळं प्रार्थनाघर हसलं. तूही हसलीस, मी पाहिलं. बारा वर्षांची होतीस.

त्यानंतर दोन महिन्यांनी तू शोधाला बसलीस, आणि उठून आलीस ती मोठ्या आनंदात. प्रार्थनाघराच्या पंचांसमोर म्हणालीस, मला सीलिया मावशी दिसल्या, हातात कंदील होता.

मी म्हणालो, हे स्वप्न नाही, शिळ्या खेकड्याचं अजीर्ण आहे.

सगळे हसले. या वेळी तुझ्यावर हसले. मी तुला शिकायला डीकन मूल्ट्रीच्या बायकोकडे लावून दिलं. तू घरी आलीस, धागा सोडलास आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलास. मी जेवत राहिलो. अठराव्या वर्षी तू उत्तरेला गेलीस ते खरं त्या दिवशीच गेलीस.

लिहायला मला तुझ्या आईनं शिकवलं, तू गेल्यावर. तुला पत्र लिहिता यावं म्हणून शिकलो. मग शिकून काय लिहिलं? छपराचा पत्रा वाजतो.

पोर वाट बघते आहे. तिला काय सांगू? चौदा तारखेला ये, नाहीतर तिला दोन ओळी लिही, अजून काय दिसलं, एवढं विचार.

तुझा बाप

•

१५ मे

व्हर्नेल,

तू आली नाहीस. मी दोष देत नाही. काल काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

आम्ही सात वाजताच पोचलो. कचेरी उघडलीही नव्हती. बर्निस म्हणाली, "दाराला कुलूप लावायलाही आपणच येऊ की काय?" पोर हसली नाही. मी दफनाला जायचा सूट घातला होता, दुसरा नाही. पोरीला तुझ्या आईनं शिवलेला झगा, खाली पिवळे बूट. कपाळाला धागा.

दहाला पाच मिनिटं असताना आत बोलावलं. दाराच्या काचेतून मला पाच माणसं दिसली, समोर तो अहवाल. आणि मी घाबरलो. वाटलं, धागा बघतील, म्हणतील, बघा, खरं आहे. मी वाकून पोरीच्या कानात म्हटलं, "कूटा, तेवढा धागा काढ. थोडा वेळ."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग काढला. तू ताटाशेजारी ठेवला होतास, तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

तेव्हा कळलं मी काय केलं ते. तोवर दार उघडलं होतं.

मेजाशी एक खुर्ची रिकामी होती, तिच्यासमोर पाटी, आई अशी लिहिलेली. मला भिंतीशी बसवलं. माणसं वाईट नव्हती, पाणी विचारलं. तुमच्या मुलीच्या भल्यासाठी असं दर दोन वाक्यांनी म्हणत होती, आणि ते त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणत होती. मिस टॅलबर्टनं पोरीला मऊ आवाजात विचारलं, "कूटा, तुला काही सांगायचंय?" नाव लक्षात ठेवलं होतं तिनं. पोर पाटीकडे बघत राहिली.

मी उभा राहिलो. मला सांगायचं होतं, ती आजारी नाही, तिला एका माणसाकडे जायचं आहे, एवढंच. अध्यक्ष म्हणाले, "सर, आपण बसावं, नोंद फक्त पालकांच्या म्हणण्याची होते."

सत्तावन्न वर्षं मी उभा राहून बोललो आहे, वादळातसुद्धा. ते बसा म्हणाले आणि मी बसलो.

सोमवारपासून केंद्रात न्यायचं ठरलं.

बाहेर आल्यावर मिस टॅलबर्ट माझ्या मागे आली. डोळे लाल होते. म्हणाली, "मी मदत व्हावी म्हणून लिहिलं होतं. माझी आजीसुद्धा पांढऱ्या धाग्याचं काहीतरी सांगायची. मी कधी नीट ऐकलंच नाही."

मी तरी कुठे ऐकलं होतं? म्हटलं, बरणी धुऊन परत केली नाहीत तरी चालेल.

लेम्युएल

•

१९ मे, सोमवार

व्हर्नेल,

केंद्राची गाडी आज आठला आली. बूट घालूनच गेली. मी टाचांत कापूस भरून दिला.

काल दुपारी तिच्या पिशवीत कपडे भरत होतो. धागा परत बांधू का विचारलं, तर मान हलवली, नको म्हणाली. तेव्हा मी नियम सगळा मोडला आणि जमिनीवर तिच्यासमोर बसलो. उठताना त्रास होतो, तरी बसलो. म्हटलं, "तुझं स्वप्न खरं आहे. तुझी शिकवणारी तुझी आईच आहे. ते मी किंवा त्या कचेरीतलं कुणीही बदलू शकत नाही."

ती म्हणाली, "मग ती येईल?"

प्रार्थनाघरात मला कुणी काही विचारलं की उत्तर तयार असायचं, चुकीचं का असेना. काल चुकीचं द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "मी पत्र टाकलंय." तेवढंच खरं होतं.

तिनं विचारलं, "दोन तिकिटं लावली होती?"

मी म्हटलं, "हो."

तुझं स्वप्नही खरं होतं, व्हर्नेल. कंदीलसुद्धा.

धागा या पाकिटात घातला आहे. माझ्या हातून ती तो बांधून घेणार नाही. केंद्राचा पत्ता मागच्या बाजूला बर्निसकडून लिहून घेतला आहे, माझं अक्षर नको म्हणून. रविवारी दोन ते चार भेटू देतात. आईला कुठल्याही दिवशी.

तुझा बाप,
लेम्युएल